नारिंगी की पोपटी

दवाखाना, ४ जून

बारके,

हे पत्र मी औषधांच्या कपाटामागे बसून लिहितेय. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन तुझ्या दादाच्या टेबलावर असतो आणि तुझा दादाही तिथेच असतो. एक मांजर टाके घालून घेतंय तेवढ्यात आटपायचंय.

आपला जुना कंप्यूटर परवा गेला. एका पोपटाचं बिल करत होते, मधेच पडदा आडवा झाला, मग उभा झाला, मग मागून धूर आला. पोपटाच्या मालकिणीनं पिंजरा उचलून बाहेर धाव घेतली आणि बिल राहिलं ते राहिलंच. तुझे बंधुराज आतून ओरडले, "काय जळतंय?" मी म्हटलं, "गेली दहा वर्षं मी जळतेय, आज तो." हसले नाहीत. हसायचं त्यांच्या लक्षातच येत नाही.

असो. तुमच्या कंपनीचं ते नवीन मॉडेल, ज्याचं रंगीत पत्रक तू मागे पाठवलं होतंस, ते मला हवंय. पडदा आणि पेटी एकाच अंगात, डोक्यावर उचलायला मूठ, पाठ गोल आणि आरपार, आतल्या तारा धुक्यात दिसाव्यात तशा दिसतात. आणि मला तो नारिंगीच हवाय. पत्रकातलं नारिंगीचं पान मी कापून आरशात खोचलंय.

तुझा दादा म्हणतो, काळा. "दवाखाना आहे, खेळण्यांचं दुकान नव्हे. काळा गंभीर दिसतो. शिवाय काळा म्हणजे काळा, त्यात वाद नाही." मी म्हटलं, तुम्ही त्याला बोट तरी लावणार आहात का? सकाळी नऊपासून त्याच्यापुढे बसणार मी. टायपिंग करणार मी. लसींच्या तारखा लोकांना कळवणार मी. त्या कोपऱ्यात खिडकी नाही, भिंत राखाडी, कपाट राखाडी, खुर्ची राखाडी. एक वस्तू माझ्या मनासारखी आली तर कुठल्या गाईचं दूध आटणार आहे? तर म्हणे, "उगाच रंगाचा विषय वाढवू नकोस," आणि निघून गेले हात धुवायला. वाद घातला की हात धुवायला जातात. तुमच्या घराण्यात इतका स्वच्छ माणूस दुसरा झाला नसेल.

तू नारिंगी पाठव आणि त्यांना सांग, काळा संपला. एवढं कर. जन्मभर तुझी धाकटी बहीण होऊन राहीन, वयानं मोठी असले तरी.

मांजर शुद्धीवर येतंय.

तुझी वहिनी


कंपनीचं पाठवणी खातं, ११ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आणि दादाचं पत्र एकाच दिवशी, एकाच पोस्टमननं, एकावर एक ठेवून दिलं. दोघांनीही "फोनवर बोलता येत नाही" असं लिहिलंय. तो जनावरं सोडून तुझ्या घोरण्याच्या वेळेत लिहायला बसला होता म्हणे, भर दुपारी. नवराबायको एका फोनला चुकवून मला पत्रं लिहिताय, यापेक्षा करमणूक ती काय! दोन्ही पत्रं मी डबा खाताना खात्यात वाचून दाखवली. गाडीवाल्यांचं मत तुला पडलं, हिशेबनिसाचं दादाला.

फोनचं रडगाणं सोडलं तर दादाचं पत्र पाच ओळींचं आहे. "काळा पाठव. काळाच. ही काहीही सांगेल. कारण विचारू नकोस. आशीर्वाद."

आता माझं मत ऐक. नारिंगी मला मुळीच आवडत नाही. रस्ता खणताना लावतात त्या खांबासारखा दिसतो. मला विचारशील तर पांढरा काढायला हवा होता, फ्रिजसारखा, पुसला की झालं. पण आमच्याकडे मला विचारतं कोण? रंग ठरवायच्या बैठकीत आमचे मोठे साहेब म्हणाले, कंप्यूटर म्हणजे ऑफिसचं कपाट, तो कपाटाच्या रंगाचाच हवा. ज्या बाईंनी हे मॉडेल काढलं त्या स्वतः पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत असतात. त्या म्हणाल्या, "मग कपाटच विका." त्या भांडणातून पाच रंग निघाले: काळा, राखाडी, जांभळा, नारिंगी, पोपटी. आणि खरं सांगू? नारिंगीला उठाव नाही. गोदामात त्यांची भिंत उभी आहे. तू एक नेलास तर मला पलीकडचं दार दिसेल.

तेव्हा ठरलं. दादाला मी कळवलंय की काळा संपला. पण तेवढ्यावर त्याला संशय येईल, म्हणून पुढे लिहिलंय, "नारिंगीसुद्धा संपला. जो शिल्लक असेल तो पाठवते." म्हणजे नारिंगी निघाला की आपण दोघींनी गोदामवाल्याच्या नावानं बोटं मोडायची. खोक्यावर रंगाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो.

आणि तू त्याच्याशी रंगांवरून फार भांडू नकोस. दादाला रंगांतलं काय कळतं ते मला विचार. किंवा नकोच विचारू.

तुझी बारकी


दवाखाना, २ जुलै

वन्सं,

हो, वन्सं. रागावले की मी वन्संच म्हणणार.

"दादाला रंगांतलं काय कळतं" असं तू लिहिलंस तेव्हा मला तुझाच राग आला होता. म्हटलं, असेल माझा नवरा रुक्ष, पण अगदीच काही अडाणी नाही, आपल्या बहिणीनं असं बोलू नये. आता वाटतंय, तू फारच सौम्य लिहिलंस.

खोकं सोमवारी आलं. तुझ्या दादानंच उघडलं. वर टेबलावर ठेवलं. वन्सं, काय सांगू, कोपरा पेटल्यासारखा झाला! मी पदरानं पुसत होते, पुसायला काही नव्हतं तरी. आणि तो दोन पावलं मागे सरला, डोळे बारीक करून बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "वा. पोपटी. छान आहे हं. डोळ्यांना थंड."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हटलं, ठीक. आपलं कारस्थान कळलंय याला. "नारिंगी संपला" म्हणून कळवलं ना, मग हा मुद्दाम तसंच वागतोय. नारिंगी संपला, तर हा नारिंगी कसा असेल? पोपटीच असणार! टोमणा मारावा तर असा. मी म्हटलं, "थंड का?" तर म्हणाला, "हो, गवतासारखा. तुला आवडला ना?"

गवतासारखा!

मग मीही सोडलं नाही. दारातून आत येईल त्या माणसाला विचारायला लागले, "जरा सांगा हो, हा रंग कोणता?" बोकडवाला म्हणाला, नारिंगी. सशाची पोरगी म्हणाली, नारिंगी, आणि वर माझ्याकडे असं बघितलं की बाई बऱ्या आहेत ना. बेकरीवाल्याला तो बघून भूक लागली. पोस्टमनला आवडला नाही, पण नारिंगी आहे हे त्यानंही मान्य केलं. दर वेळी तुझा दादा काय करत होता? हात धुवायला जात होता.

काल मी आजारी पडल्याचं सोंग केलं आणि त्याला भाजी आणायला धाडलं. मुद्दाम सांगितलं, टोमॅटो लालभडक बघून आण. पिशवी ओतली तर दोन लाल, बाकीचे हिरवेगार. म्हटलं, हे काय? तर माझ्या नजरेला नजर न देता म्हणतो, "पिकतील."

थट्टा मलाही कळते गं. पण एका वस्तूपायी इतके दिवस? मी आयुष्यात या दवाखान्यात स्वतःसाठी एक गोष्ट मागितली, तर तिची रोज टिंगल. तेव्हापासून आम्ही फक्त जनावरांच्या मार्फत बोलतो. "मोत्याला सांगा उद्या उपाशी आणायचं." असं.

तुझ्या गोदामातली भिंत तुला लखलाभ.

वहिनी


दवाखाना, ३ जुलै

बारके,

वाचून झालं की फाड.

तू कोणता रंग पाठवलास? नारिंगी संपला असं तूच लिहिलंस. मग उरले जांभळा, राखाडी, पोपटी. जांभळा मला निळसर दिसतो, राखाडी ओळखतो. हा दोन्ही नव्हता. म्हणून पोपटी धरला आणि कौतुक केलं. मनापासून केलं. तिच्या मनाविरुद्ध वेगळा रंग आला, वाईट वाटलं असेल, म्हणून दोन शब्द बरे बोलावे म्हटलं. तर ती फणकारली.

आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला रंग विचारतेय. सगळे नारिंगी म्हणतात. बारके, तिला कळलंय का? माझी परीक्षा घेतेय का? परवा टोमॅटोला पाठवलं. लालभडक आण म्हणाली, लालवर जोर देऊन. मी बोटानं दाबून बघायला गेलो, तर भाजीवालीनं हात धरला, म्हणाली दाबायचे नाहीत. मग देवाचं नाव घेऊन उचलले.

लहानपणी तू माझ्या खडूंवर नावं लिहून द्यायचीस, तेव्हापासून हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. कॉलेजात निभावलं. जनावराचं पोट, नाडी, श्वास, ताप, डोळ्यांतली चमक यांवर मी कोणापेक्षाही कमी नाही, हे तुला माहीत आहे. फक्त हिरड्यांचा रंग अडतो. गुलाबी की फिकट, ते. म्हणून तिला हाक मारतो. "ये गं, बघ जरा, काय वाटतं?" ती सांगते. ती कधी चुकलेली नाही. तिला वाटतं मी तिला शिकवतोय.

लग्नाआधी सांगायचं राहिलं. नंतर सांगायला गेलो असतो तर "आधी का नाही" हा प्रश्न आला असता. दर वर्षी तो प्रश्न एक वर्षानं मोठा होत गेला. आणि लोक काय म्हणतील? रंग न दिसणाऱ्याकडे जनावर कोण आणेल?

काळा का मागत होतो, ते आता कळलं असेल. काळ्यात मला कोणी फसवू शकत नाही.

काहीतरी सुचव. फोन करू नकोस, ती उचलते.

दादा


कंपनीचं पाठवणी खातं, ८ जुलै

दादा,

मी डबा खाताना तुझं पत्र उघडलं आणि डबा तसाच मिटला. हे मात्र खात्यात वाचून दाखवलं नाही, घाबरू नकोस.

चूक माझी. रंग नारिंगीच आहे. वहिनीला हवा होता, मी पाठवला, तुला थाप मारली. मला वाटलं, तू नेहमीसारखा "हं" म्हणशील आणि हात धुवायला जाशील. तू जन्मात पहिल्यांदा कौतुक करायला निघशील आणि तेही रंगाचं, हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं!

तिला काहीही कळलेलं नाही. तिला वाटतंय तू तिची टिंगल करतोयस. तू तिला चाचपतोस, ती तुला चाचपते, आणि मधे बिचारे टोमॅटो. 

उपाय एकच आहे, तो तुलाही माहीत आहे. तिला सांग. "आधी का नाही" विचारेल, विचारू दे. पुढच्या वर्षी विचारण्यापेक्षा बरं. मी तिला काही सांगणार नाही, शब्द दिलाय तो दिलाय. पण मला खोटं नीट जमत नाही आणि तुमच्या दोघांची पत्रं माझ्याकडेच येतात, हे लक्षात ठेव.

आणि एक विचारू? ती कधी चुकत नाही हे तुला माहीत होतं, पण ते तिला कधी सांगितलंस का?

बारकी


त्याच दिवशी, दुसरं पाकीट

प्रिय वहिनी,

वन्संनी पत्र वाचलं. वन्सं खाली मान घालून बसल्या आहेत.

एवढंच लिहिते: दादा तुझी टिंगल करत नाहीये. शपथेवर. मग काय करतोय, ते त्यालाच विचार, माझ्या तोंडाला कुलूप आहे. आणि विचारताना त्या आवाजात विचारू नकोस, ज्या आवाजात तू मला वन्सं म्हणतेस.

काळा हवा असेल तर बदलून देते. गाडी महिनाअखेरीस तुमच्या बाजूला येणार आहे. ठरवून कळव.

बारकी


दवाखाना, २१ जुलै

लाडके बारके,

बदलू नकोस. आधी ते लिहून टाकते, मग बाकीचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी विचारणार होते, पण तुझा दादा बोकडाच्या पायात अडकला होता. दुसऱ्या दिवशी मला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी राग परत आला, कारण त्यानं पुन्हा "पोपटी" शब्द काढला. "मी पोपटी म्हणालो त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं होतं," असं काहीतरी पुटपुटला. मी मिक्सर लावला.

त्याच दुपारी आमच्या कंडक्टरबाई आल्या. बसमधून निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो. त्या दिवशी आवाज नव्हता. त्यांचं म्हातारं कुत्रं त्यांच्या हातांवर लोंबत होतं, पोत्यासारखं. "सकाळी जेवला नाही. आता उठतच नाही." दादानं त्याला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, नाडी धरली, ओठ वर केला आणि नेहमीसारखी हाक मारली, "ये गं, बघ जरा."

मी कंप्यूटरपुढे बसले होते. जागची हलले नाही. बारके, मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हीच बघा की, डॉक्टर. तुम्हाला नारिंगीसुद्धा पोपटी दिसतो."

त्याची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ जागच्या जागी थिजली. मला वाटलं, आता हात धुवायला जाणार. तो वळला नाही. कुत्र्याचा ओठ तसाच वर धरून म्हणाला, "मला नाही दिसत. लाल, हिरवा, गुलाबी, मला यांतलं वेगळं काही दिसत नाही. लहानपणापासून. हा जगेल की नाही ते या हिरड्यांवर आहे आणि त्या तुझ्याशिवाय मला वाचता येत नाहीत. ये."

मी उठले की नाही मला आठवत नाही. कंडक्टरबाईंनीच माझ्या दंडाला धरून टेबलाशी उभं केलं. म्हणाल्या, "तुमचं दोघांचं नंतर. आधी माझं कुत्रं."

हिरड्या कागदासारख्या होत्या. मी म्हटलं, पांढऱ्या. तो म्हणाला, "पिवळट नाहीत?" नाहीत. "ठिपके?" ओठाच्या आतल्या अंगाला बारीक ठिपके होते, टाचणीनं टोचल्यासारखे. "लाल की जांभळे?" लाल. नंतर पोटावरचे केस बाजूला करायला लावले, तिथेही होते. तो एकेक विचारत गेला, मी सांगत गेले, आणि माझा आवाज कापत होता तरी त्याचा कापत नव्हता. मग कंडक्टरबाईंना विचारलं, "घरात उंदरांचं औषध टाकलंय?" त्यांनी कपाळावर हात मारला. शेजाऱ्यांनी टाकलं होतं, जिन्याखाली.

आतल्या आत रक्त जात होतं. लगेच इंजेक्शन दिलं, बेकरीवाल्याच्या धिप्पाड कुत्रीला बोलावून तिचं रक्त चढवलं. संध्याकाळी दादानं विचारलं, "आता?" मी ओठ उचलला. कडेला अगदी किंचित, धुऊन धुऊन विटलेल्या फ्रॉकसारखा गुलाबी. मी तसंच सांगितलं. तो तिथेच स्टुलावर बसला आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागला. पाच दिवस ते आपल्याकडे राहिलं. सहाव्या दिवशी डॉक्टरांना कडकडून चावलं, तेव्हा घरी सोडलं.

आता आमचं दोघांचं.

मी विचारलंच, "आधी का नाही सांगितलं?" आणि उत्तर ऐकून घेतलं नाही. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला, सांगू? इतकी वर्षं त्यानं "बघ जरा" म्हटलं की मी घाबरून जायचे. वाटायचं, हा शिकलेला, मी न शिकलेली, चार लोकांत माझी तोंडी परीक्षा घेतोय. रात्रीची मी त्याची पुस्तकं उघडून हिरड्यांची चित्रं पाठ करायची, चुकू नये म्हणून. आणि हा माणूस माझ्या डोळ्यांवर दवाखाना चालवत होता! मी हे बोलले तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाला, "तू घाबरायचीस? मी घाबरायचो, तू एखाद्या दिवशी माहेरी गेलीस तर."

म्हणून मला माहेरी पोचवायला नेहमी स्वतः यायचा आणि चहा पिऊन परत घेऊन जायचा. मी ते प्रेम समजत होते. आता ते काय होतं, याचा मी विचार करणं सोडलंय. दोन्ही असेल.

एक दिवस मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना टोमॅटो हातात आला आणि मला जे हसू सुटलं, ते थांबेना. तो दारात येऊन उभा, घाबरलेला. मी त्याच्यासमोर टोमॅटो धरला, "हा?" म्हणाला, "पिकलेला." म्हटलं, चूक. मग तोही हसला. अगं, हसताना बरा दिसतो तो.

गिऱ्हाइकं तुटतील म्हणून घाबरत होता, ना? कंडक्टरबाईंनी अख्ख्या गावाला सांगितलंय, त्या आवाजात. लोक येतात ते आधी माझ्याकडे वळून विचारतात, "बाई आहेत ना?" मी नसले तर बाकावर बसून राहतात. तपासणीच्या टेबलाशेजारी खिडकीजवळ आता माझं टेबल आलंय. दादानंच ओढून आणलं, नारिंगी महाराजांसकट, मुठीला धरून.

त्याला मी विचारलं, काळा मागवू का, बारकी बदलून देतेय. नको म्हणाला. मग बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. लोक गेले होते, मी दिवसाचं काम आटपत होते. म्हणाला, "नारिंगी म्हणजे असतो तरी कसा गं?"

काय सांगणार, बारके? पिवळ्यासारखा म्हणावं तर पिवळा नव्हे. लालसर म्हणावं तर लाल त्याला ठाऊक नाही. संत्र्यासारखा म्हटलं, तर म्हणतो, संत्रं मला गवतासारखंच दिसतं. मग त्याचा चष्मा काढला, डोकं धरलं आणि कंप्यूटरच्या त्या गोल पाठीवर त्याचा गाल टेकवला. दिवसभर चालून ती छान उबदार झालेली असते. म्हटलं, "असा."

तो तसाच वाकून उभा राहिला, डोळे मिटून. मला वाटलं, काहीतरी बोलेल.

मग म्हणाला, "जरा जास्तच तापतोय. पंखा बिघडलाय वाटतं. बारकीला कळव."

तेव्हा कळवते. माणूस पाठव.

तुझी वहिनी